एकच घाट, तीन खंड्या : सजीवांमधील स्पर्धेविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील परिसंस्थांविषयीच्या लेखात ओघात एक विधान आले होते : ज्यांच्या गरजा अगदी सारख्या आहेत अशा दोन प्रजाती एकाच ठिकाणी फार काळ एकत्र टिकू शकत नाहीत. संपूर्ण लेखावर आली नाहीत इतकी पत्रे या एका वाक्यावर आली. बहुतेकांनी आपापल्या परिसरातील उदाहरण घेऊन ते विधान तपासून पाहिले आहे. विज्ञान वाचण्याची हीच खरी रीत असल्यामुळे या वेळचे सदर त्या पत्रांसाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : कृष्णाकाठच्या आमच्या शाळेतील मुलांनी घाटाजवळच्या पक्ष्यांची वही ठेवली आहे. लहान खंड्या, पांढऱ्या छातीचा खंड्या आणि काळा-पांढरा कवड्या खंड्या असे तिघेही तिथे नेहमी दिसतात. तिघेही मासे खातात आणि त्यांच्यात भांडण झालेले आम्ही क्वचितच पाहिले आहे. मग एकाने इतर दोघांना हुसकावून कसे लावले नाही?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मुलांच्या वहीतच सापडेल, फक्त पक्ष्याच्या नावापुढे तो कुठे बसला होता, किती खोल पाण्यात उतरला आणि चोचीत काय घेऊन वर आला, हे तीन रकाने वाढवावे लागतील. लहान खंड्या चिमणीहून थोडाच मोठा असतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा लव्हाळ्याच्या काडीवर बसून तो काठालगतच्या उथळ पाण्यात सूर मारतो आणि अगदी लहान मासे टिपतो. कवड्या खंड्याला बसण्यासाठी फांदी लागतेच असे नाही. तो काठापासून दूर, उघड्या पाण्यावर, हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली रोखून नेम धरतो आणि तिथूनच थेट झेपावतो. त्यामुळे जिथे लहान खंड्याला पोहोचताच येत नाही, असे पात्राच्या मधले पाणी त्याला मोकळे मिळते. पांढऱ्या छातीच्या खंड्याची तर गोष्टच वेगळी आहे. तो मासे खातो हे खरे, पण नाकतोडे, सरडे, बेडूक आणि खेकडे यांवरही त्याची गुजराण होते आणि म्हणूनच तो पाण्यापासून बराच लांब, शेतातल्या विजेच्या तारेवरही निवांत बसलेला दिसतो. आपल्याला घाट एक दिसत असला, तरी त्या घाटावर पोट भरण्याच्या तीन वेगवेगळ्या रीती चाललेल्या आहेत. एखादी प्रजाती काय खाते, कुठे, केव्हा आणि कसे मिळवते, कोणत्या परिस्थितीत तग धरते, या सगळ्यांतून परिसंस्थेत तिचे जे स्थान ठरते, त्याला अभ्यासक ‘निश’ म्हणतात.

ज्या नियमामुळे आपल्याला प्रश्न पडला, तो रशियन शास्त्रज्ञ ग्यॉर्गी गाउझे यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी मॉस्को येथे पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या जवळच्या प्रजाती काचेच्या नळ्यांत वाढवल्या आणि वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच, १९३४ साली, आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ऑरेलिया आणि कॉडेटम या दोन प्रजाती स्वतंत्र नळ्यांत ठेवल्या, ठरावीक प्रमाणात जिवाणूंचे खाद्य देत राहिले, की दोघींची संख्या वाढत जाऊन एका पातळीला स्थिरावत असे. दोघींना एकाच नळीत ठेवल्यावर मात्र प्रारंभी दोघी वाढत आणि नंतर कॉडेटमची संख्या घसरत जाऊन ती नाहीशी होई. या नळीत कोणी कोणावर हल्ला केला नव्हता. ऑरेलिया उपलब्ध खाद्यावर अधिक जोमाने वाढत होती, त्यामुळे कॉडेटमच्या वाट्याला पुढची पिढी उभी राहण्याइतके खाद्य उरत नव्हते. निसर्गातील बरीचशी स्पर्धा अशीच असते. ती भांडणातून दिसत नाही. एकाने काढून घेतल्यावर दुसऱ्यासाठी किती शिल्लक राहिले, यातून ती मोजावी लागते. म्हणून खंड्या भांडत नाहीत, या निरीक्षणावरून त्यांच्यात स्पर्धा नाही असा निष्कर्ष काढता येणार नाही, आणि उद्या दोन खंड्या एका फांदीसाठी भांडताना दिसले तरी तेवढ्यावरून एकाची प्रजाती धोक्यात आहे असेही म्हणता येणार नाही.

याच प्रयोगमालिकेचा दुसरा भाग पाठ्यपुस्तकांत फारसा येत नाही, याची मला नेहमी खंत वाटते, कारण आपल्या घाटाशी खरे नाते त्याचेच आहे. गाउझे यांनी कॉडेटमसोबत बर्सारिया नावाची तिसरी प्रजाती ठेवली, तेव्हा दोघी एकाच नळीत टिकून राहिल्या. कॉडेटम वरच्या पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंवर जगत होती, तर बर्सारिया तळाशी साचलेल्या यीस्टवर. तळाशी ऑक्सिजन कमी असतो; पण बर्सारियाच्या पेशीत हिरवे शैवाल वस्तीला असते आणि त्याच्याकडून तिला ऑक्सिजन मिळतो. दोघींची संख्या एकेकट्या असतानाच्या संख्येपेक्षा कमी राहिली, म्हणजे स्पर्धेची किंमत दोघींनीही मोजली. परंतु कोणीही नामशेष झाली नाही. यामागचे गणित शब्दांत सांगायचे तर, प्रत्येक प्रजातीची वाढ परक्यांपेक्षा स्वजातीयांच्या गर्दीमुळे अधिक रोखली जात असेल, तर दोन्ही प्रजाती एकत्र राहू शकतात. घाटावर लहान खंड्यांची संख्या वाढली, तर पहिली अडचण काठावर बसणाऱ्या इतर लहान खंड्यांचीच होते. पात्राच्या मध्यावर घिरट्या घालणाऱ्या कवड्या खंड्याला तिची झळ कमी लागते.

आता एक सावधगिरी. दोन प्रजातींच्या सवयी वेगळ्या दिसल्या, की त्या स्पर्धेमुळेच वेगळ्या झाल्या असे मानण्याचा मोह होतो. खंड्यांच्या शरीरांचे आणि सवयींचे हे भेद फार जुने आहेत आणि ते कशामुळे पडले हे आज केवळ निरीक्षणातून सिद्ध करता येत नाही. त्यासाठी एका प्रजातीला बाजूला काढून पाहावे लागते. असा प्रयोग जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर केला आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. भरती-ओहोटीच्या खडकांवर घट्ट चिकटून राहणारे, चुनखडी कवचाचे बार्नेकल आपल्या कोकणातल्या धक्क्यांवरही दिसतात. कॉनेल यांच्या किनाऱ्यावर थॅमॅलस हा लहान बार्नेकल खडकाच्या वरच्या पट्ट्यात, तर बॅलॅनस हा मोठा बार्नेकल खालच्या पट्ट्यात आढळत असे. खालच्या पट्ट्यातील काही दगडांवरून त्यांनी बॅलॅनस खरवडून काढला, तेव्हा तिथे रुजलेला थॅमॅलस उत्तम वाढला. जिथे बॅलॅनस राहू दिला, तिथे तो वाढताना शेजारच्या थॅमॅलसला दाबत, झाकत किंवा खडकावरून अक्षरशः उचकटून टाकत होता. याउलट वरच्या पट्ट्यात बॅलॅनस टिकत नाही, कारण ओहोटीच्या वेळी इतका काळ कोरडे राहणे त्याला सोसत नाही. म्हणजे थॅमॅलसची वरची जागा ही त्याच्या आवडीची नव्हे, त्याला परवडणारी आणि बलवान शेजाऱ्याने मोकळी सोडलेली जागा होती.

घाटावर असा प्रयोग करता येणार नाही आणि करूही नये. पण मुलांना एका गोष्टीकडे जरूर पाहायला सांगा. तिन्ही खंड्या मातीच्या उभ्या दरडीत बोगदा कोरून त्यात अंडी घालतात. मासे पुरेसे असले तरी अशा दरडी पुरेशा असतीलच असे नाही, विशेषतः जिथे वाळूउपशामुळे काठ ढासळले आहेत किंवा घाटाचे काम करताना काठ सिमेंटने बांधून काढले आहेत. अन्नावरून ज्यांची वाटणी झाली आहे, त्यांच्यात घरट्याच्या जागेवरून स्पर्धा उभी राहू शकते. मुलांच्या वहीत दरडींची आणि त्यांतील बिळांची नोंद आली, तर ती पुढे फार मोलाची ठरेल.

प्रश्न : पावसाळ्यात गव्हाच्या कोठीत सोंडे होतात आणि पिठाच्या डब्यात बारीक तांबूस किडे. दोघे एकत्र फारसे दिसत नाहीत. यांपैकी एक दुसऱ्याला पळवून लावतो का?
— एक गृहिणी, नाशिक

उत्तर : नाही, उलट पहिला दुसऱ्याची सोय करून ठेवतो. सोंडकिड्याची मादी आपल्या सोंडेने अख्ख्या दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि पूर्ण वाढ झालेला किडा दाणा कुरतडून बाहेर येतो. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याला धडधाकट अख्खा दाणा सहसा फोडता येत नाही. त्याला पीठ, रवा, फुटके दाणे आणि भुकटी लागते. सोंड्यांनी पोखरलेल्या गव्हात अशी भुकटी तयार होते आणि मग तांबडा भुंगेरा तिथेही शिरतो. एकच धान्य असले तरी दोघांचे खाणे निराळे आहे.

या तांबड्या भुंगेऱ्याची खरी स्पर्धा त्याच्या सख्ख्या भावंडाशी आहे. ट्रायबोलियम या गटातील कॅस्टेनियम, म्हणजे आपल्या घरात आढळणारा तांबडा भुंगेरा, आणि त्याच्यासारखाच दिसणारा, थंड प्रदेशात अधिक आढळणारा कन्फ्यूजम, या दोघांवर शिकागो विद्यापीठात टॉमस पार्क यांनी पिठाच्या बरण्यांत वर्षानुवर्षे प्रयोग केले. अखेरीस प्रत्येक बरणीत एकच प्रजाती उरत असे. मात्र ती कोणती, हे हवामानावर ठरत होते. ३४ अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रता असताना दर वेळी कॅस्टेनियम उरला, तर २४ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेत दर वेळी कन्फ्यूजम. मधल्या हवामानात कधी हा, कधी तो. आपल्याकडील उष्ण, दमट पावसाळ्यात डब्यात कॅस्टेनियमच का सापडतो, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

या प्रयोगांतील सर्वांत विलक्षण भाग मला असा वाटतो की, निकाल फिरवणारा तिसराच एक जीव निघाला. ॲडेलिना नावाचा सूक्ष्म परजीवी बरण्यांत होता तेव्हा ७४ पैकी ६६ बरण्यांत कन्फ्यूजम जिंकला. परजीवीमुक्त १८ बरण्यांपैकी १२ मध्ये मात्र कॅस्टेनियम जिंकला. या रोगाचा फटका कॅस्टेनियमला अधिक बसत होता. शिवाय हे भुंगेरे स्वतःच्या आणि परक्या प्रजातीची अंडी व कोष खातात, त्यामुळे पीठ भरपूर असतानाही स्पर्धा चालूच राहते. ‘अमुक प्रजाती श्रेष्ठ’ असे विधान कोणी केले, तर ते कोणत्या तापमानाला, किती ओलाव्यात आणि कोणता रोग असताना किंवा नसताना, हे विचारल्याशिवाय मान्य करू नये, असे मला हे आकडे पाहिल्यापासून ठामपणे वाटत आले आहे.

प्रश्न : सूक्ष्मदर्शकाखाली तळ्यातल्या पाण्याच्या एका थेंबात शैवालाचे कितीतरी प्रकार दिसतात. सर्वांना तोच सूर्यप्रकाश आणि तेच क्षार लागतात. मग गाउझे यांचा नियम इथे मोडत नाही का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : हाच प्रश्न जी. ई. हचिन्सन यांनी १९६१ मध्ये मांडला होता आणि तेव्हापासून तो ‘प्लवकांचा’, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, ‘विरोधाभास’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांनी सुचवलेले मुख्य उत्तर असे की, कोणा एकाची सरशी पूर्ण होण्याआधीच तळ्यातली परिस्थिती बदलते. तापमान, प्रकाश आणि क्षारांचे प्रमाण ऋतूनुसार पालटत राहते आणि आज मागे पडलेल्याला उद्या संधी मिळते. गाउझे यांच्या नळीत परिस्थिती मुद्दाम स्थिर ठेवलेली होती, हे इथे विसरून चालणार नाही. दुसरे उत्तर डेव्हिड टिलमन यांच्या १९७० च्या दशकातील प्रयोगांतून मिळाले. ॲस्टेरिओनेला हे डायटम, म्हणजे एक प्रकारचे एकपेशीय शैवाल, अगदी कमी फॉस्फेटवर निभावून नेते, तर सायक्लोटेला हे दुसरे डायटम कमी सिलिकेटवर. ज्या पाण्यात पहिल्याला सिलिकेटची आणि दुसऱ्याला फॉस्फेटची चणचण भासते, तिथे दोघेही टिकून राहतात. म्हणजे गरजांची यादी एकच असली तरी प्रत्येकाचे घोडे कुठे अडते, ते वेगळे असू शकते.

प्रश्न : ताडोबात वाघ वाढल्यामुळे बिबट्यांना जंगलाबाहेर पडावे लागते, असे आमच्याकडे सगळेच म्हणतात. जुन्नरच्या उसात बिबटे आले तेही याच कारणाने का? आणि रानकुत्र्यांचे या दोघांपुढे कसे निभावते?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : पत्रात तीन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळू देता कामा नये, कारण गावाशेजारी बिबट्या आल्यावर काय उपाय करायचा हे कारणावर अवलंबून असते.

वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे एका जंगलात कसे राहतात, याचा बारकाईने अभ्यास उल्हास कारंत आणि मेल सनक्विस्ट यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे केला. तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. विष्ठा आणि मारलेल्या जनावरांचे अवशेष तपासून त्यांनी दाखवले की, वाघाच्या मुख्य भक्ष्याचे सरासरी वजन ९१.५ किलो, रानकुत्र्यांच्या भक्ष्याचे ४३.४ किलो आणि बिबट्याच्या भक्ष्याचे ३७.६ किलो होते. वाघाचा ओढा गवा आणि सांबर यांच्याकडे, तर इतर दोघांचा चितळासारख्या मध्यम आकाराच्या प्राण्यांकडे होता. बिबट्या आणि रानकुत्रे यांचे भक्ष्य आकाराने जवळपास सारखे असले तरी पद्धत वेगळी आहे. रानकुत्रे दिवसाउजेडी टोळीने पाठलाग करतात. बिबट्या एकटा, बहुधा अंधारात, दबा धरून बसतो आणि मारलेले जनावर झाडावर चढवू शकतो. वाघापासून जीव वाचवण्याचा आणि रानकुत्र्यांच्या टोळीपासून सुटण्याचाही त्याचा मार्ग तोच, झाडावर चढण्याचा. नागरहोळेसारख्या जंगलात हे जमते, कारण तिथे गव्यापासून भेकरापर्यंत सर्व आकारांची जनावरे विपुल आहेत. शिकारीमुळे किंवा गुरांच्या चराईमुळे मोठी जनावरे घटली, तर वाघही मध्यम जनावरांवर येतो आणि तिघांचे ताट एक होते. म्हणून वाघ राखायचा म्हणजे केवळ वाघ राखून भागत नाही, सांबर आणि गवा राखावे लागतात.

वाघ वाढले की बिबट्या बाजूला पडतो, या आपल्याकडील समजाला आधार आहे. उत्तराखंडातील राजाजी राष्ट्रीय उद्यानाच्या चिल्ला परिसरातून गुरे पाळणाऱ्या गुज्जर कुटुंबांचे पुनर्वसन झाल्यावर तिथे वाघ सावरले. २००४-०५ ते २००७-०८ या काळात तिथल्या बिबट्यांची घनता दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे १० वरून सुमारे २ वर आली आणि त्यांच्या आहारातील पाळीव जनावरांचा वाटा स्पष्टपणे वाढला. म्हणजे बिबट्या आतल्या जंगलातून कडेला सरकला आणि गावाच्या अधिक जवळ आला. वाघ बिबट्याला मारतोही, त्यामुळे इथली स्पर्धा गाउझे यांच्या नळीसारखी केवळ खाद्यातून चालणारी नाही. ताडोबाभोवतीच्या गावांत बिबट्यांचा वावर समजून घेताना ही शक्यता गंभीरपणे विचारात घ्यायला हवी.

जुन्नरला मात्र हे कारण लागू पडत नाही. तिथे वाघच नाहीत, तेव्हा बिबट्याला हुसकावणार कोण? उसाच्या फडात त्याला आडोसा आणि पाणी मिळते आणि आसपास कुत्री, डुकरे, शेळ्या असतात. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, बिबट्यांच्या आहारातील वजनाचा ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावात वावरणाऱ्या प्राण्यांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. हे बिबटे कुठून तरी ‘भरकटून’ आलेले नाहीत. ते उसातच जन्मतात आणि तिथेच वाढतात. ‘त्यांना पकडून जंगलात सोडा’ ही मागणी किती भाबडी आहे, हे यावरून कळावे. ज्या जंगलात त्यांना सोडायचे, तिथली जागा आधीच दुसऱ्या बिबट्यांनी, आणि काही ठिकाणी वाघांनी, व्यापलेली असते.

प्रश्न : इथे ऑस्ट्रेलियात ‘इंडियन मैना’ म्हणजे शत्रू समजली जाते. ती स्थानिक पक्ष्यांना हुसकावते म्हणून लोक पिंजरे लावून पकडतात. आमच्या गावाकडे हीच साळुंकी सर्वांबरोबर गुण्यागोविंदाने राहते. हा आरोप खरा आहे का?
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर : आरोपात तथ्य आहे, पण तो सरसकट खरा नाही. साळुंकी ऑस्ट्रेलियात स्वतःहून गेली नाही. १८६२ पासून मेलबर्नमध्ये तिला कीटक खाण्यासाठी मुद्दाम आणून सोडण्यात आले. ती झाडांच्या ढोलीत किंवा घराच्या वळचणीला घरटे करते आणि ढोली मिळवण्यासाठी आक्रमक होते. गावाकडे ती गुण्यागोविंदाने राहते, असे आपण लिहिता; पण विणीच्या हंगामात एखाद्या जुन्या आंब्याच्या ढोलीपाशी थोडा वेळ उभे राहिले, तर पोपट, पिंगळा आणि साळुंकी यांच्यातली झटापट आपल्याकडेही पाहायला मिळते.

फरक पडतो तो ढोल्यांच्या पुरवठ्याने. आपल्याकडे सुतार आणि तांबट दरवर्षी झाडांत नवी बिळे कोरतात आणि त्यांनी सोडलेली बिळे इतरांना मिळत राहतात. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षीच नाहीत. तिथे निलगिरीच्या जुन्या खोडात बुरशी आणि वाळवी यांच्या कामातून ढोली तयार होते आणि तिला शंभर वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. तिथले कित्येक पोपट अशाच ढोल्यांवर अवलंबून आहेत. जमीन मोकळी करताना जुनी झाडे तोडली गेली आणि आधीच दुर्मीळ असलेली ही जागा आणखी आटली. अशा वेळी एक दमदार भिडू वाढला, तर त्याचा फटका बसणारच. कॅनबेरात घरच्या बागेतील पक्ष्यांची नियमित नोंद ठेवणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या सुमारे तीन दशकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा साळुंकी स्थिरावल्यानंतर क्रिमसन रोझेला आणि कुकाबुरा यांसारख्या ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांच्या संख्येवर प्रतिकूल परिणाम झाल्याचे आढळले. त्याच परिसरातील दुसऱ्या अभ्यासात असेही दिसले की, झाडे विरळ असतात तिथे साळुंकी अधिक घरटी करते आणि झाडी दाट होत जाते तसे तिचे प्रमाण कमी होते.

म्हणून पिंजरे लावणाऱ्यांना मी दोष देणार नाही. मात्र जुनी, पोकळ झालेली झाडे तोडत राहायचे आणि सगळे खापर साळुंकीवर फोडायचे, हे मला पटत नाही.

प्रश्न : आमच्या पडीक रानात गाजरगवताने उच्छाद मांडला आहे. टाकळा पेरला की गाजरगवत हटते, असे ऐकले. यात कितपत तथ्य आहे?
— एक शेतकरी, दौंड

उत्तर : तथ्य आहे, आणि तणनाशकाच्या खर्चापेक्षा हा उपाय स्वस्त आहे, पण त्याच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात नोंद झाल्यापासून गाजरगवत देशभर पसरले. त्याचे एक झाड हजारोंनी बी देते, त्यातले पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या रोपांच्या वाढीला मारक ठरते आणि ओल मिळाली की ते वर्षातून कितीही वेळा उगवते. टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात, पहिल्या पावसाबरोबर दाट उगवतो आणि झपाट्याने उंच होऊन जमिनीवर सावली धरतो. गाजरगवताचे रोप लहानपणी जमिनीलगत पाने पसरून बसते, त्यामुळे त्या वयात त्याला ही सावली सोसत नाही. या स्पर्धेत आधी कोण उगवले याला फार महत्त्व आहे. गाजरगवत गुडघाभर झाल्यावर त्यात टाकळा टाकला, तर काहीही साधणार नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकळ्याच्या शेंगा वाळल्या, की बी गोळा करून ठेवावे आणि एप्रिल-मे महिन्यात, पावसापूर्वी, पडीक जागी, बांधाकडेला आणि रस्त्याच्या कडेने दाट फेकावे. टाकळा हंगामी आहे. तो वाळल्यावर हिवाळ्यातल्या ओलीवर गाजरगवताची नवी रोपे डोके वर काढतील, ती फुलावर येण्यापूर्वी हातमोजे घालून मुळासकट उपटावी लागतील. मेक्सिकन भुंगेरे पावसाळ्यात गाजरगवताची पाने फस्त करतात. ते आपल्या रानात आढळले, तर त्या पट्ट्यात फवारणी करू नये.

टाकळ्यासारखीच दिसणारी, उष्ण अमेरिकेतून आलेली सेन्ना युनिफ्लोरा ही वनस्पतीही गाजरगवताला मागे हटवते आणि काही ठिकाणी तिची शिफारस झाली होती. ती मुद्दाम पेरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती स्वतःच माळरानांवर एकसलग पसरून गवताला जागा ठेवत नाही आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळे एका परक्या तणाच्या जागी दुसरे आणून बसवल्यासारखे होते. टाकळाही गुरे फारशी खात नाहीत. त्याची कोवळी पाने आपण भाजी म्हणून खातो इतकेच. तेव्हा चराऊ कुरणात तो पेरू नये, आणि त्याचे बी शेजारच्या सोयाबीन किंवा तुरीच्या शेतात जाणार नाही इतके अंतर राखावे, कारण पिकात तो उगवला तर तिथे तोही तणच ठरतो.